इंदक्कांचं पूर्ण मिनिट

आमच्या कंपनीत इंदक्कांचं नेमकं पद काय होतं, ते मला शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. कागदावर 'चाचणी सल्लागार' असं काहीतरी होतं. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका पावडर कोटिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौदा जण बसायचो आणि मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवायचो. नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, झोप हे सगळं त्या पट्ट्यानं मोजावं अशी आमची धडपड होती. चौदांपैकी तेरा जण पस्तिशीच्या आतले. चौदाव्या इंदिराबाई मुतालिक, वय त्रेसष्ट, इरकली साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला एक जाड कापडी पिशवी. त्यांना सगळे इंदक्का म्हणायचे.

त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. आमचा मालक, नवीन नावाचा, हासनकडचा, माझ्याच वयाचा, हुशार आणि सदा घाईत असलेला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, आयुष्यभर त्यांनी मोजमापाची यंत्रं बरोबर मोजतात की नाही एवढंच तपासलंय. त्यानं त्यांना बोलावून घेतलं. पट्ट्याचं सॉफ्टवेअर मी लिहायचो, म्हणून मलाही शेजारी बसवलं. नवीननं अर्धा तास आलेख दाखवले. इंदक्कांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पिशवीतून डबा काढला, डब्यातून एक अख्खी काकडी काढली, पट्टा तिच्याभोवती आवळला आणि ती टेबलावर ठेवली.

मिनिटभरानं पडद्यावर आकडा आला. नाडी, एकाहत्तर.

नवीन माझ्याकडे बघायला लागला. इंदक्काही माझ्याकडे वळल्या. "पुण्याचे म्हणालात ना? मग मराठीतच सांगा की. काकडीला नाडी कुठनं आली?"

मी सांगितलं, की कातडीतून नीट संकेत आला नाही तर पट्टा अंदाज धरतो. पडदा कोरा दिसला की लोकांना वाटतं, वस्तू बिघडली.

"म्हणजे ठाऊक नसताना बोलतो."

"तसं म्हणता येईल."

"माणसं बोलतातच की तशी. त्यांच्यात आणखी एक कशाला?"

मग त्यांनी पट्टा सोडवला, काकडी धुऊन आणली, तिच्या चकत्या केल्या आणि आम्हाला दोघांना दिल्या. नवीननं त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं. मला मात्र ती काकडी गिळताना जड गेली.

इंदक्कांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी विजापूरकडून बेंगळुरूला आलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, कारखान्यात इंग्रजी, आणि तिन्हींचं बोलण्यात छान मिश्रण झालेलं. 'थोडं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, तिथं कायम 'स्वल्प' असायचं. माझ्याशी बोलताना त्या पहिल्या आठवड्यातच 'अहो'वरून 'अरे'वर आल्या आणि मला 'पुणेकर' अशी हाक मारायला लागल्या. बनशंकरीच्या घरून पीण्यापर्यंत रोज मेट्रोनं यायच्या. त्या प्रवासात त्या पुस्तक वाचत नसत, फोन बघत नसत. समोर डुलक्या घेणाऱ्या माणसांचे श्वास मोजत. "जागा माणूस आपण बघतोय म्हटल्यावर नीट श्वास घेतो," त्या म्हणायच्या. "झोपलेल्याचा श्वास खरा."

नाडी बघायची त्यांची एक पद्धत होती. पट्टा बांधण्याआधी त्या माणसाचा हात हातात घेत, मनगटावर तीन बोटं ठेवत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट गप्प बसत. आमच्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलीनं त्यांना सुचवलं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तरी चालतं, डॉक्टरही तसंच करतात. इंदक्का म्हणाल्या, "डॉक्टरांना घाई असते, त्यांचं चालतं. आपण पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर उरलेले पंचेचाळीस सेकंद त्या माणसाबद्दल आपण मनाचं सांगतोय."

त्या एका मिनिटात समोरच्या माणसाचं काहीतरी व्हायचं. मी कितीदा तरी पाहिलंय. आधी तो अवघडायचा, मग हसायचा, मग चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास त्याचे खांदे खाली यायचे. कित्येक जण मिनिट संपल्यावर न विचारताच काहीतरी सांगायला लागत. बायकोशी बोलणं बंद आहे, डाव्या कानानं ऐकू येत नाही, गावी जाऊन चार वर्षं झाली. इंदक्का ऐकून घेत, वहीत मात्र आकडा आणि हात एवढंच लिहीत. त्या वहीत माणसांची नावं नव्हती, हातांची वर्णनं होती. 'टर्नर. तळव्याला घट्टे. बोटं थंड.' 'फुलं ओवणारी. नखांना मेंदी. मनगट बारीक, पट्टा सैल पडतो.'

खरा प्रसंग ओढवला तो त्या आल्यानंतर दीड वर्षानं. घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेनं आमचे पट्टे घ्यायचं ठरवलं होतं. आमची ती पहिली मोठी ऑर्डर. चाचण्या झाल्या होत्या, आकडे सुरेख आले होते. फक्त त्या चाचण्या आमच्याच ऑफिसातल्या मंडळींवर, त्यांच्या मित्रांवर झाल्या होत्या. इंदक्का कुरकुरत होत्या, "हे सगळे कीबोर्डवर मऊ झालेले हात आहेत रे." माल शुक्रवारी जायचा होता. त्याच्या आदल्या सोमवारी त्या मागच्या गल्लीतल्या ओतकामाच्या कारखान्यात गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्या कामगारांना घेऊन आल्या.

त्यांत रंगप्पा म्हणून एक होता. पन्नाशीचा, भट्टीवर काम करणारा, काळाकभिन्न, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. त्याच्या हातावर पट्ट्यानं ऑक्सिजन शहाण्णव दाखवला. म्हणजे उत्तम. मी पुढचा माणूस बोलावला. इंदक्कांनी रंगप्पाचा हात सोडला नाही. नाडी मोजून झाली, मग त्याच्या छातीकडे बघत त्यांनी आणखी एक मिनिट घेतलं.

"श्वास अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी."

मी म्हटलं, "जिना चढून आलाय इंदक्का."

"वीस मिनिटं झाली त्याला. ओठ बघ त्याचे." मग त्याला कन्नडमध्ये विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, चार दिवस जरा ताप आहे, पण काम होतंय. इंदक्कांनी पिशवी उचलली, रिक्षा बोलावली आणि त्याला घेऊन इस्पितळात गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. रक्त काढून तपासलं होतं. ऑक्सिजन सत्त्याऐंशी. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस असाच भट्टीपुढं उभा राहिला असता तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीनच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. चाचणीच्या दाखल्यावर इंदक्कांची सही हवी होती, आणि ती त्या करणार नव्हत्या.

आमच्या पट्ट्याची रीत साधी होती. कातडीतून उजेड आत पाठवायचा आणि परत येणारा उजेड वाचायचा. कातडीतला काळा रंग त्यातला काही उजेड खाऊन टाकतो. त्यामुळे काळ्या माणसाच्या रक्तात असेल त्याहून जास्त ऑक्सिजन दिसू शकतो. हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचून पुढं गेलो होतो.

इंदक्कांनी आपला हात टेबलावर माझ्या हाताशेजारी ठेवला. त्या चांगल्याच काळ्या होत्या. मला तोवर ते कधी असं जाणवलं नव्हतं, किंवा जाणवूनही मी ते मनाशी उच्चारलं नव्हतं.

"माझ्या हातावर हा पट्टा दोन-तीननं जास्त दाखवतो, असं मला पहिल्या महिन्यापासून वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण एका हातावरून बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते. आता दोन झाले."

मी म्हटलं, "माहितीपुस्तिकेत एक ओळ टाकू या. त्वचेच्या रंगानुसार आकड्यात फरक पडू शकतो म्हणून."

"रंगप्पाला वाचता येत नाही, पुणेकर."

"मग काय करायचं?"

त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मला पाच जण बघून गेले. पाचही जणांना एकच दिसलं. आमच्या घरच्यांनी सहाव्या खेपेला मला विचारलं, तुम्ही कारखान्यात नेमकं काय मोजता? तेव्हा मला कळलं की हा माणूस कातडीच्या आत बघतोय. तुझं यंत्र अजून पहिल्या पाचांतलं आहे."

'आमच्या घरचे' म्हणजे त्यांचे यजमान, गोविंदराव. बँकेतून निवृत्त झालेले.

नवीन चिडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अक्का, माल थांबवला तर ही ऑर्डर जाईल. मी स्वतः सही करू शकतो."

"सरी, ठीक आहे. करा की. मालक आहात तुम्ही. फक्त चाचणी कुणी केली तिथं माझं नाव घालू नका."

नवीननं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग त्यानं त्या संस्थेला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. ऑर्डर गेली. दोन महिन्यांत आमच्यातले तिघं दुसरीकडे गेले. मी राहिलो, पण इंदक्कांशी बोलायचं टाकलं. मला वाटायचं, एका माणसापायी चौदा जणांची मेहनत या बाईनं पाण्यात घातली. तो एक माणूस आमच्या पट्ट्यावर विसंबून मेला असता, हे मला कळत होतं. कळत असूनही राग जात नव्हता. रागाचं तसंच असतं. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलावर डब्याच्या झाकणात भाजी ठेवून जायच्या, काही न बोलता. पहिले काही दिवस मी झाकण तसंच परत पाठवलं. एकदा मेथीची गोळाभाजी होती. ती खाल्ली. झाकण धुऊन द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "उद्या यशवंतपूरच्या मार्केटात हमाल बघायला जायचंय. एकटीनं सगळं सामान उचलत नाही माझ्याच्यानं."

मी गेलो. मग जातच राहिलो. जवळजवळ वर्षभर आम्ही दोघं हात गोळा करत हिंडलो. कांद्याच्या गोण्या उचलणारे, लेथवरचे, बांधकामावरच्या बाया, बस डेपोतले ड्रायव्हर. एका छातीरोगाच्या डॉक्टरांनी त्यांच्या वॉर्डात बसायची परवानगी दिली. तिथं रुग्णांचं रक्त तपासणीसाठी घेतलं जायचंच, तो आकडा आणि आमचा आकडा शेजारी शेजारी लिहायचा. मी सॉफ्टवेअर तीनदा मुळापासून लिहिलं. आता संकेत नीट नसला की पडद्यावर दोन आडव्या रेघा येतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'कळत नाही. परत बघा.' ही शब्दयोजना इंदक्कांची. पुढं एका इस्पितळानं पट्टे घेतले, ते त्या दोन रेघांमुळे. तिथल्या मुख्य परिचारिका म्हणाल्या, ज्याला कळत नाही असं म्हणता येतं, त्याच्या कळण्यावर विश्वास ठेवता येतो.

रंगप्पा बरा होऊन कामावर आला. एकदा जिना चढून वर आला, दारातच उभा राहिला आणि इंदक्कांना विचारून गेला, त्या मशिनला आता शिकवलं का म्हणून.

त्यानंतर नवीनच्या डोक्यात नवी कल्पना आली. नुसती नाडी-श्वास सगळेच मोजतात, आपण माणसाचं स्वास्थ्य मोजू. झोप, हालचाल, नाडीतले बारीक चढउतार हे सगळं एकत्र करून शंभरापैकी एक आकडा द्यायचा. मला ते आवडलं. महिनाभर खपून मी ते तयार केलं आणि पहिले पट्टे आम्ही आमच्यातच वाटले. एक इंदक्कांनी बांधला.

त्याच दिवसांत गोविंदराव गेले. आजार म्हणावा असा मोठा नव्हता. सकाळी चहा पिता पिता कलंडले आणि संपलं. आम्ही सगळे बनशंकरीला जाऊन आलो. इंदक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. आलेल्याला बसायला सांगत होत्या. तेराव्यानंतर आठवड्याभरानं त्या कामावर आल्या आणि थेट माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी मनगटावरचा पट्टा काढून ठेवला. तो त्यांनी त्या सगळ्या दिवसांत काढलाच नव्हता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "हे गेले त्या दिवसापासूनचं."

मी उघडून पाहिलं. हालचाल नाही. नाडी मंद. श्वास सावकाश. आणि प्रत्येक दिवसाखाली माझ्या सॉफ्टवेअरनं हिरव्या रंगात आकडा दिला होता. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. 'विश्रांती उत्तम.'

मला वर बघवेना.

"आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मी तपासले. मी हललेच नव्हते. नाडी एवढीच होती. तुझं मोजणं चुकलेलं नाही, नाव चुकलंय."

"इंदक्का, मी हे काढून टाकतो सगळं."

"काढू नकोस. जे मोजलंय त्याचंच नाव दे. हालचाल कमी, असं लिही. तेवढं खरं आहे. त्याच्या पुढचं ज्याचं त्याला ठाऊक." मग त्या जायला वळल्या आणि परत फिरून म्हणाल्या, "आणि कुणी चार दिवस हललं नाही तर त्याच्या माणसांना कळव. हिरव्या रंगात नको."

तो शंभरापैकी आकडा आम्ही कधीच बाजारात आणला नाही. चार दिवसांची सूचना मात्र आजही पट्ट्यात आहे.

त्यांना साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. गोविंदरावांनंतर तो बळावला. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि वही पुढं केली. गेले तीन आठवडे त्या रोज काही माणसांची नाडी आधी बोटांनी मोजत होत्या आणि मग इस्पितळातल्या यंत्रावर पडताळत होत्या. दोन रकाने होते. पहिल्या आठवड्यात एक-दोनचा फरक. तिसऱ्या आठवड्यात कुठं सात, कुठं अकरा. काही ठिकाणी त्यांच्या रकान्यात दोन आडव्या रेघा.

"बोटांना कळत नाही आता," त्या म्हणाल्या. "बधिर झालीत. आधी मला वाटलं, माणसांच्याच नाड्या बारीक झाल्यात."

मी म्हटलं, "पण तुमचं काम फक्त बोटांचं थोडंच आहे? बाकीचं सगळं..."

"ज्याच्यावर सगळं ताडून बघायचं, तेच चुकायला लागलं तर ते बाजूला ठेवतात, पुणेकर. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं अशी बाजूला ठेवली मी. माझं आलं म्हणून नियम बदलायचा?"

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचा अहवाल लिहिला होता. 'स्त्री. वय अडुसष्ट. दोन्ही हातांची बोटं. मापनास अयोग्य.' खाली त्यांची ती सरळ, सुटी सुटी सही. नवीननं त्यांना घरून सल्ला द्यायचा आग्रह केला. त्या 'सरी, बघू' म्हणाल्या आणि आल्या नाहीत. मी मधूनमधून फोन करायचो. कामाचं बोलणं व्हायचं, तेही हळूहळू कमी झालं.

या वर्षी जानेवारीत मी बेंगळुरू सोडलं. आई एकटी पडली होती, पुण्यात काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी इंदक्कांकडे गेलो. त्या पुढच्या ओसरीवर उन्हात बसून अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होत्या. थंडीत तिथं घरोघर चालणारं काम ते. शेंगेतून दाणे काढायचे, भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचं साल सोडवायचं. त्या आता बघून बघून चिमटीत धरत होत्या, तरी दाणा निसटायचा. मी समोर बसलो आणि सोलायला लागलो. त्यांनी पट्ट्याबद्दल काही विचारलं नाही. आईबद्दल विचारलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी या बाईंच्या नाडीचे, झोपेचे, श्वासाचे आकडे बघितले, आणि त्यांना 'तुम्ही कशा आहात' असं एकदाही विचारलेलं नाही. मी विचारलं.

इंदक्कांनी हातातला दाणा वाटीत ठेवला. अशा प्रश्नाला सगळेच जे लगेच म्हणतात, ते त्या म्हणाल्या नाहीत. समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. एक भाजीची गाडी येऊन गेली. मग म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर बरं नव्हतं. अंघोळ झाल्यावर स्वल्प बरं वाटलं. तू आलास तेव्हापासून चांगलं आहे. दुपारचं सांगता येत नाही."

एवढं पूर्ण उत्तर मला या प्रश्नाला कुणी कधी दिलेलं नव्हतं. आम्ही उरलेले दाणे सोलले.

जेवून निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. मी रिक्षात बसलो आणि मागं वळून पाहिलं. त्या फाटकाची कडी लावत होत्या. बोटांना ती सापडत नव्हती. एकदा चाचपडलं, दोनदा चाचपडलं. मग त्या वाकल्या, चष्मा वर केला, कडी कुठं आहे ते डोळ्यांनी नीट बघून घेतलं, सावकाश लावली, आणि लागली की नाही हे फाटक ओढून पाहिलं.